हरिकेनमध्ये छप्पर जागेवर राहावं म्हणून: फ्लोरिडात पहिलं घर घेणाऱ्यांसाठी

आम्ही टॅम्पाच्या बाजूला घर घेतलं तेव्हा मला त्या घराबद्दल कळत होतं ते एवढंच, की किचन मोठं आहे, शाळा जवळ आहे आणि भिंती काँक्रीट ब्लॉकच्या आहेत, म्हणजे पक्कं घर, म्हणजे वाऱ्याची काळजी मिटली. मग इन्शुरन्ससाठी एक इन्स्पेक्टर आला, अ‍ॅटिकमध्ये चढला, म्हणजे छपराखालच्या पोकळीत, वीस मिनिटांनी घामाने निथळत खाली उतरला आणि फोनवर मला एक फोटो दाखवला. फोटोत एक लोखंडी पट्टी होती आणि पट्टीत दोन खिळे होते. "तीन पाहिजेत," तो म्हणाला. त्या एका खिळ्यापायी आमचं १९८८ सालचं घर कागदावर 'छप्पर भिंतीला नीट बांधलेलं नाही' या खान्यात गेलं आणि प्रीमियमचा आकडा बघून बायको म्हणाली, घर घेतलंय का भाड्याने राहतोय आपण.

पुढचं दीड वर्ष मी हाच अभ्यास केला, काही कामं स्वतः केली, काही करून घेतली, दोनदा फसलो. ओळखीतलं कोणी इकडे घर घ्यायला लागलं की तेच तेच सांगावं लागतं, म्हणून एकदाच सगळं लिहितोय. मी इंजिनिअर आहे पण सॉफ्टवेअरचा, तेव्हा तुमच्या घराचं शेवटचं उत्तर लायसन्सवाल्या माणसाकडूनच घ्या. त्याला काय विचारायचं तेवढं इथून घ्या.

१. आधी वारा घराचं काय करतो ते समजून घ्या

आपल्या डोक्यात चित्र असतं की वारा भिंतीवर धडकतो आणि भिंत पडते. आता छत्री आठवा. भर पावसात जोराचा झोत आला की छत्री दबते का? ती आतून फुगते आणि उलटी होते. छपराचंही तसंच. वारा भिंतीला आपटून छपराच्या कडेवरून उसळतो, वरच्या बाजूला दाब कमी होतो आणि छप्पर वर ओढलं जातं, विमानाच्या पंखासारखं. ही ओढ सगळीकडे सारखी नसते, कोपऱ्यात, कडांना आणि माथ्याच्या रेषेवर सगळ्यात जास्त असते, म्हणून वादळानंतरचे फोटो बघितलेत तर छप्पर बहुतेक वेळा कोपऱ्यातून सोलायला लागलेलं दिसेल.

आता यात एक खिडकी फुटली किंवा गॅरेजचं दार आत दुमडलं असं समजा. वारा घरात भरतो, बाहेर जायला वाट नाही, मग तो छताला खालून ढकलतो. वरून ओढ, खालून ढकल. छप्पर गेलं की भिंतींना वरून धरून ठेवणारं काही राहत नाही आणि मग त्या पडतात. भिंत पडलेली आपल्याला दिसते, पण सुरुवात गॅरेजच्या दारापासून झालेली असते.

अजून एक गोष्ट, वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी ७५ मैल आणि १५० मैल यात वेग दुप्पट आहे पण दाब चौपट. ढोबळ हिशोब करून बघा, ताशी १२० मैलांच्या वाऱ्याचा मूळ दाब चौरस फुटाला साधारण ३७ पौंड येतो. दोन गाड्यांच्या गॅरेजचं दार १६ फूट बाय ७ फूट धरलं तर त्यावर चार हजार पौंडांच्या वर, म्हणजे १८०० किलोच्या पुढे जोर. इंजिनिअर यात बरेच गुणक लावतात, आकडा वरखाली होतो, पण आपलं पातळ पत्र्याचं दार कशाशी कुस्ती खेळतंय याचा अंदाज येतो.

म्हणजे कामं दोनच. एक, छपरापासून पायापर्यंत सगळं एकमेकांना बांधलेलं पाहिजे, साखळीसारखं, मधली एकही कडी सुटलेली नको. इथले लोक याला 'लोड पाथ' म्हणतात, हा शब्द लक्षात ठेवा, कॉन्ट्रॅक्टरसमोर वापरलात की त्याचा बोलण्याचा सूर बदलतो. दुसरं, वारा घरात घुसता कामा नये. खाली जे काही लिहिलंय ते या दोनपैकी एका कामासाठी आहे.

(आणि हो, 'खिडकी थोडी उघडी ठेवा म्हणजे दाब सारखा होतो' हे अजूनही कोणीतरी सांगतंच. करू नका. काचेवर टेपची फुली मारणं पण वेळ घालवणं आहे, काच तेवढीच फुटते, वर तुकडे मोठे पडतात.)

२. घराचं साल आणि वाऱ्याचा आकडा शोधा

घर बघायला जाण्याआधीच हे करा, दहा मिनिटांचं काम आहे.

पहिलं साल. २४ ऑगस्ट १९९२ ला अँड्र्यू हरिकेन मायामीच्या दक्षिणेला होमस्टेडवर आलं आणि त्या एका काउंटीत २५ हजारांहून जास्त घरं जमीनदोस्त झाली. नंतर तपासणी झाली तेव्हा कळलं की कितीतरी ठिकाणी छपराचं प्लायवूड खिळ्यांऐवजी स्टेपलने मारलेलं होतं आणि त्यातले बरेच स्टेपल खालच्या लाकडी ट्रसमध्ये, म्हणजे छपराच्या सांगाड्यात, गेलेच नव्हते, शेजारून हवेत लटकत होते. म्हणजे ओळीने मारत गेलेत आणि खाली बघितलंच नाही कोणी. त्यानंतर नियम कडक झाले आणि १ मार्च २००२ पासून सगळ्या राज्याला एकच फ्लोरिडा बिल्डिंग कोड लागू झाला. २००४ मध्ये चार्ली हरिकेन पुंटा गोर्डावर आलं तेव्हा नव्या कोडची घरं जुन्यांपेक्षा चांगली टिकली.

म्हणून घर 'कधी बांधलं' यापेक्षा 'बिल्डिंग परमिटचा अर्ज कधी केला' हे विचारा. मार्च २००२ नंतरचा असेल तर निम्मी लढाई जिंकलात. मायामी-डेड आणि ब्रॉवर्ड काउंटीत नियम आधीच बदलले होते, तिथे १ सप्टेंबर १९९४ नंतरचं परमिट पण चांगलं मानतात.

दुसरा वाऱ्याचा आकडा. प्रत्येक पत्त्याला एक डिझाइन विंड स्पीड असतो, म्हणजे तिथलं घर वाऱ्याच्या किती वेगासाठी बांधायचं तो आकडा. साध्या घरांसाठी मायामी-डेडमध्ये तो ताशी १७५ मैल, ब्रॉवर्डमध्ये १७०, या दोन काउंट्यांना 'हाय व्हेलॉसिटी हरिकेन झोन' म्हणतात आणि तिथले नियम सगळ्यात कडक. बाकी ठिकाणी आत आत जाल तसा आकडा कमी होतो. काउंटीच्या बिल्डिंग डिपार्टमेंटला फोन करा, सांगतात. किंवा सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेचं एएससीई हजार्ड टूल म्हणून ऑनलाइन आहे, पत्ता टाकला की आकडा येतो. त्यात 'रिस्क कॅटेगरी २' निवडायचं, ते घरांसाठी.

इथे जवळजवळ प्रत्येकजण एक चूक करतो. टीव्हीवर कॅटेगरी ४ म्हणजे १३० ते १५६ मैल सांगतात, मग आपण म्हणतो माझं घर १५० चं आहे म्हणजे कॅटेगरी ४ ला चालेल. नाही चालत हे गणित. टीव्हीचा आकडा एका मिनिटाची सरासरी असतो आणि कोडमधला आकडा तीन सेकंदांच्या झोताचा. एकाच वादळात झोताचा आकडा नेहमी मोठा येतो, तेव्हा दोन्हीची थेट तुलना करू नका.

शिवाय घराच्या आजूबाजूला काय आहे त्यावरही ठरतं. चारी बाजूंनी घरं, झाडं असतील तर एक्सपोजर बी, मोकळं मैदान असेल तर सी, समोर थेट मोठं पाणी असेल तर डी. पाण्याच्या दर्शनाचे पैसे दोनदा द्यावे लागतात ते असे.

पुराचं प्रकरण पूर्ण वेगळं. वाऱ्यासाठी भक्कम घर पाण्यात तसंच बुडतं. फेमाचा (केंद्र सरकारची आपत्ती संस्था) फ्लड झोन वेगळा बघा, पुराचा इन्शुरन्स वेगळा घ्यावा लागतो आणि सरकारी पॉलिसी साधारणपणे ३० दिवसांनी लागू होते, म्हणजे वादळ नकाशावर दिसल्यावर घेऊन उपयोग नाही.

३. अ‍ॅटिकमध्ये चढा (किंवा चढवा)

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि घर घेताना कोणीच करत नाही, कारण तिथे गरम असतं आणि काचतंतूंचं इन्सुलेशन अंगाला चावतं.

लागणारं सामान: डोक्याला लावायचा टॉर्च, एन ९५ मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, ग्लोव्ह्ज, गॉगल, मोजपट्टी, फोन, आणि पाय ठेवायला एक रुंद फळी. फळी विसरू नका. मी विसरलो, पाय लाकडावरून घसरला आणि थेट बेडरूमच्या सीलिंगमधून खाली आला, गुडघ्यापर्यंत. खाली मुलगा झोपलेला होता, त्याला अजून ते सांगायला आवडतं. उन्हाळ्यात जायचं तर सकाळी सहाला जा, दुपारी वर भट्टी असते.

आता कडेला, जिथे छप्पर भिंतीला टेकतं तिथपर्यंत सरपटत जा. इन्सुलेशन बाजूला करा. ट्रस म्हणजे छपराचा लाकडी त्रिकोणी सांगाडा, तो भिंतीवर कसा बसवलाय ते बघायचंय. चार प्रकार भेटतात:

टो-नेल: काही पट्टीबिट्टी नाही, तिरके खिळे मारून ट्रस भिंतीच्या लाकडाला जोडलाय. सगळ्यात कच्चं. तिरका खिळा खाली दाबायला ठीक, वर ओढलं की दाढेसारखा उपटून येतो.

क्लिप: लोखंडी पट्टी ट्रसच्या एका बाजूला मारलेली, माथ्यावरून गेलेली नाही.

सिंगल रॅप: पट्टी ट्रसच्या माथ्यावरून पलीकडे वळवलेली, समोर कमीत कमी दोन आणि पलीकडे कमीत कमी एक खिळा.

डबल रॅप: अशा दोन पट्ट्या. हे असेल तर मालकाला नमस्कार करा.

आता आमचा किस्सा. पट्टी कुठलीही असली तरी ट्रसमध्ये कमीत कमी तीन खिळे पाहिजेत, पट्टी आणि ट्रसमध्ये अर्ध्या इंचापेक्षा जास्त फट नको आणि गंज खाऊन पातळ झालेली नको. यातलं एक जरी चुकलं तरी इन्शुरन्सच्या रिपोर्टमध्ये ती पट्टी नसल्यासारखीच धरतात आणि तुमची गणती टो-नेलमध्ये. आमच्याकडे प्रत्येक ट्रसला क्लिप होती, बिल्डरने पट्ट्यांचे पैसे खर्च केले होते, मजूर पण लावला होता, फक्त तिसऱ्या भोकात खिळा मारायचा कंटाळा केला होता. १९८८ पासून ती भोकं तशीच रिकामी.

उपाय स्वस्त आहे. पट्टीचा उत्पादक सांगतो त्याच मापाचा झिंक चढवलेला खिळा घ्या (बरेचदा आखूड पण जाड, दीड इंची खिळा लागतो) आणि उरलेल्या भोकात मारा. ड्रायवॉलचे काळे स्क्रू अजिबात वापरू नका, ते ताणाखाली टचकन तुटतात. तिथे हातोडा फिरवायला जागाच नसते, म्हणून पाम नेलर भाड्याने आणा, तळहातात मावतं, हवेच्या दाबावर चालतं. मला चार सकाळ लागल्या. सुरू करण्याआधी बिल्डिंग डिपार्टमेंटला एक फोन करून परमिट लागतं का विचारून घ्या, प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळं मिळतं. आणि प्रत्येक ट्रसचा आधीचा, नंतरचा फोटो काढा.

पट्ट्याच नसतील तर ते काम मोठं. आतून हात पोचत नाही, मग बाहेरून छज्ज्याखालचा सॉफिट काढून पट्ट्या बसवतात. नवीन रूफ टाकणार असाल तर त्याच वेळी करून घ्या, कडेचं प्लायवूड उघडलेलं असतं तेव्हा अर्ध्या कष्टात होतं. मी रूफ आधी केलं आणि बाकीची डागडुजी नंतर, ही माझी पहिली चूक.

४. छप्पर: वरचं जे दिसतं ते शेवटी

रूफवाला आला की शिंगलचे, म्हणजे छपरावरच्या डांबरी तुकड्यांचे, रंग दाखवायला लागतो. रंग नंतर. खालून वर या.

आधी आकार. चारी बाजूंनी उतार असलेलं छप्पर, ज्याला हिप म्हणतात, ते वाऱ्याला चांगलं. दोन बाजूंना उतार आणि दोन टोकांना उभी त्रिकोणी भिंत असेल तर ते गेबल, त्या त्रिकोणावर वारा सपाट आदळतो. आमचं गेबल होतं. आकार बदलता येत नाही, पण त्या त्रिकोणाच्या मागे अ‍ॅटिकमध्ये आडवे-तिरके लाकडी टेकू देता येतात, ते द्या.

मग प्लायवूड, म्हणजे डेक. जुनं रूफ काढलं की डेक उघडा पडतो आणि पुढच्या एकदोन दिवसांत जे होईल ते पुढची वीस वर्षं टिकणार, कारण नंतर कोणी बघणार नाही. त्या दिवशी कामावर सुट्टी टाका. पूर्ण डेकवर आठ-डी मापाचे रिंग शँक खिळे परत मारून घ्या, त्यांच्या अंगावर कडी असतात म्हणून सहज उपटत नाहीत. अंतर सहा इंच, कडांना आणि कोपऱ्यांना काही ठिकाणी चार इंच, नेमकं किती ते तुमच्या वाऱ्याच्या आकड्यावर, परमिटच्या कागदात लिहिलेलं असतं. अ‍ॅटिकमधून वर बघा, खिळ्याचं टोक लाकडाच्या शेजारून बाहेर आलेलं दिसलं तर तो चुकलेला खिळा, अँड्र्यूच्या स्टेपलचा भाऊ. सांगा आणि परत मारून घ्या.

त्यावर चिकटणारं मेम्ब्रेन, पील अँड स्टिक म्हणतात. कागदांमध्ये याचं नाव 'सेकंडरी वॉटर रेझिस्टन्स'. शिंगल उडाले तरी पाणी आत येत नाही. हे अजिबात सोडू नका. छप्पर पूर्ण उडालेली घरं बातम्यांत येतात, पण शिंगल गेले, फटींतून पाणी आलं, सीलिंग भिजून खाली आलं आणि मग बुरशी, अशी घरं कितीतरी जास्त असतात. मेम्ब्रेन पूर्ण पृष्ठभागावर टाकणार नसाल तर निदान प्लायवूडच्या सगळ्या सांध्यांवर चार इंची पट्टी.

सगळ्यात शेवटी शिंगल, पत्रा किंवा कौलं. शिंगल असतील तर एएसटीएम डी ७१५८ चा क्लास एच लिहिलेला घ्या (१५० मैलांपर्यंतची चाचणी) आणि एका शिंगलला चारऐवजी सहा खिळे. कौलं सुंदर दिसतात पण नीट चिकटवलेली नसतील तर शेजाऱ्याच्या खिडकीत जाऊन बसतात.

आणि सॉफिट! छज्ज्याच्या खालची ती पांढरी जाळीदार पट्टी, हिला कोणी मोजतच नाही. ती निघाली की वारा पावसाला घेऊन थेट अ‍ॅटिकमध्ये. हात लावून हलवून बघा.

५. खिडक्या, दारं आणि ते गॅरेज

बजेट कमी असेल तर माझा क्रम असा: आधी गॅरेजचं दार, मग मोठे सरकते काचेचे दरवाजे, मग बाकी खिडक्या. सगळ्यात मोठं भोक आधी बुजवायचं.

गॅरेजच्या दाराच्या आतल्या बाजूला एक स्टिकर असतो, त्यावर डिझाइन प्रेशर, म्हणजे दार किती दाब सोसेल ते, लिहिलेलं असतं. स्टिकरच नसेल तर दार जुनं समजा. नवीन घेताना नुसतं दार बदलून उपयोग नाही, रूळ आणि ते भिंतीला धरणारे ब्रॅकेट पण त्याच रेटिंगचे पाहिजेत.

खिडक्यांना दोन रस्ते. शटर किंवा इम्पॅक्ट काच. इम्पॅक्ट काच म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर, गाडीच्या पुढच्या काचेसारखी. ती फुटत नाही असं सेल्समन सांगतो ते खोटं, ती तडकते, पण जागेवर राहते, आणि आपल्याला तेवढंच हवंय. तिची परीक्षा बघण्यासारखी असते, नऊ पौंडाचं लाकूड (दोन बाय चारचं, आपल्या फळीएवढं) सेकंदाला ५० फुटांच्या वेगाने तोफेतून काचेवर मारतात आणि नंतर त्याच तडकलेल्या काचेला हजारो वेळा आतबाहेर दाब देतात. त्यातून पास झालं तर मायामी-डेडचा 'एनओए' किंवा राज्याचा 'फ्लोरिडा प्रॉडक्ट अप्रूव्हल' नंबर मिळतो. हा नंबर मागा, ऑनलाइन टाका, पीडीएफ उघडा. त्यात ती खिडकी भिंतीला कुठल्या स्क्रूने, किती अंतरावर, काँक्रीटमध्ये किती खोल बसवायची ते चित्रासकट दिलेलं असतं.

आणि इथेच मी दुसऱ्यांदा फसलो. खिडक्या उत्तम आणल्या, बसवणाऱ्याने स्क्रू आखूड वापरले, ते मधल्या लाकडी पट्टीतच संपले, काँक्रीटपर्यंत गेलेच नाहीत. म्हणजे महागडी काच आणि तिला धरणारं पाऊण इंच लाकूड. सिटीच्या इन्स्पेक्टरने एक स्क्रू काढायला लावला म्हणून सापडलं. सगळे परत करावे लागले, त्यांच्या खर्चाने, पण दोन महिने भांडून. तुम्ही पहिल्या खिडकीच्या वेळीच एक स्क्रू हातात घेऊन मोजा, दहा सेकंद लागतात.

शटरमध्ये अ‍ॅकॉर्डियनवाले बाजूला सरकवून लावायचे, एकटा माणूस अर्ध्या तासात घर बंद करतो. पॅनेलवाले स्वस्त पण जड आणि कडा धारदार, प्रत्येकाला नंबर टाकून ठेवा नाहीतर ऐनवेळी जिगसॉ पझल. प्लायवूड हा शेवटचा पर्याय, आणि तोही आधीच कापून, भिंतीत अँकर बसवून ठेवलेला असेल तरच.

एक छोटी गोष्ट: दक्षिण फ्लोरिडात बरेच मुख्य दरवाजे बाहेर उघडणारे दिसतात, आपल्याला सवय नसते. त्यात अक्कल आहे, वारा दाराला चौकटीवर अजून घट्ट दाबतो.

६. भिंती आणि पाया (नवीन बांधणाऱ्यांसाठी)

तयार घर घेत असाल तर इथे फारसं काही करता येत नाही. नवीन बांधताय तर काँक्रीट ओतण्याआधी साइटवर जा. ब्लॉकची भिंत नुसती रचलेली असेल तर तिचा फार उपयोग नाही, ठराविक अंतरावरच्या पोकळ्यांमध्ये पायातून वर आलेली सळई आणि त्यात ओतलेलं काँक्रीट पाहिजे, आणि वर सगळ्या भिंतींना कमरपट्ट्यासारखी बांधणारी टाय बीम. छपराच्या पट्ट्या त्या बीममध्ये काँक्रीट ओलं असतानाच रोवलेल्या असतात, विसरल्या तर नंतरचा जुगाड तेवढा मजबूत होत नाही. लाकडी घर असेल तर हेच काम पट्ट्या, खिळलेलं प्लायवूड आणि पायातले अँकर बोल्ट करतात, वॉशरसकट. लाकडी म्हणून नाक मुरडू नका, नीट बांधलेलं लाकडी घर माझ्या दोन खिळ्यांच्या काँक्रीट घरापेक्षा बरं.

अगदी समुद्रालगत असेल तर घर खांबांवर उचलतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये मायकल हरिकेन ताशी १६० मैलांनी मेक्सिको बीचवर आलं, आजूबाजूला सगळं साफ, आणि खांबांवरचं एक नवीन घर जवळजवळ जसंच्या तसं उभं, तो फोटो तुम्ही बघितला असेल. ते घर कोडपेक्षा बरंच पुढे जाऊन बांधलं होतं. कोड म्हणजे पास होण्यापुरते मार्क.

७. परमिट आणि कॉन्ट्रॅक्टर

लायसन्स: राज्याच्या डीबीपीआरच्या (लायसन्स देणारं खातं) वेबसाइटवर नंबर टाकून स्वतः बघा, कार्डाच्या फोटोवर विश्वास नको.

"परमिट तुम्हीच ओनर-बिल्डर म्हणून काढा, स्वस्त पडेल" असं कोणी म्हटलं की उठा. मग सगळी जबाबदारी तुमची होते आणि त्याच्याकडे लायसन्स नसण्याची शक्यता दाट.

वादळानंतर दारावर येणारे, "तुमचं डिडक्टिबल (नुकसानीतला तुमच्या खिशातला वाटा) आम्ही भरतो, रूफ फुकट" म्हणणारे. हे फ्लोरिडात बेकायदेशीर आहे. दार लावून घ्या.

काम झाल्यावर शेवटचा हप्ता देण्याआधी लीन रिलीज, म्हणजे घरावर आमचा दावा नाही असा कागद, घ्या. कॉन्ट्रॅक्टरने शिंगलवाल्याचे पैसे बुडवले तर शिंगलवाला तुमच्या घरावर दावा टाकू शकतो, तुम्ही पूर्ण पैसे दिलेले असले तरी! मला हे कळलं तेव्हा दोनदा वाचावं लागलं.

घर विकत घेताना जुनी परमिटं शोधा. 'इम्पॅक्ट विंडोज २०१९' असं जाहिरातीत आहे पण परमिटचं फायनल इन्स्पेक्शन झालेलंच नाही, असं सर्रास सापडतं. ते निस्तरणं मग नवीन मालकाच्या गळ्यात.

८. रिपोर्ट काढा आणि पैसे परत मिळवा

कामं झाली की 'विंड मिटिगेशन' इन्स्पेक्शन करून घ्या. यात सात गोष्टी बघतात: कोडचं साल, रूफचं आवरण, डेकचे खिळे, छप्पर-भिंत जोड, छपराचा आकार, मेम्ब्रेन आणि खिडक्या-दारांचं संरक्षण. फ्लोरिडात या गोष्टींसाठी इन्शुरन्स कंपनीला सूट द्यावीच लागते, पण ती आपणहून देत नाही, रिपोर्ट तुम्ही पाठवायचा. रिपोर्ट पाच वर्षांपर्यंत चालतो. खिडक्यांमध्ये एक मेख आहे, चौदा खिडक्यांना इम्पॅक्ट काच आणि एका छोट्या बाथरूमच्या खिडकीला साधी, तर पूर्ण सूट जाते. सगळ्या किंवा काहीच नाही असा मामला.

'माय सेफ फ्लोरिडा होम' म्हणून राज्याची योजना आहे, फुकट इन्स्पेक्शन आणि पात्र असाल तर १० हजार डॉलरपर्यंत मदत, तुम्ही एक डॉलर घातला तर ते दोन घालतात. पैसे संपले की दार बंद होतं, म्हणून लक्ष ठेवा, आणि मंजुरीच्या आधी काम सुरू करू नका.

पॉलिसीत हरिकेन डिडक्टिबल वेगळं असतं, ते बहुतेक टक्क्यांत असतं आणि टक्के घराच्या विमा रकमेचे, नुकसानीचे नाहीत. ४ लाख डॉलरच्या विम्यावर २ टक्के म्हणजे पहिले ८ हजार तुमचे.

जवळ ठेवायची कागदपत्रं (मी एक प्रत क्लाउडवर, एक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो):
- प्रत्येक कामाचं परमिट आणि फायनल इन्स्पेक्शनचा कागद
- विंड मिटिगेशन रिपोर्ट, फोटोंसकट
- खिडक्या, दारं, गॅरेज, शटर यांचे एनओए किंवा अप्रूव्हल नंबर
- रूफचं बिल, त्यात खिळे आणि मेम्ब्रेनचं नाव लिहिलेलं
- लीन रिलीज
- फ्लड झोनचा कागद, असेल तर एलिव्हेशन सर्टिफिकेट (घराच्या उंचीचा दाखला)
- घरातल्या प्रत्येक खोलीचा व्हिडिओ

९. मे महिन्यात एकदा रंगीत तालीम

सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर. मे मधल्या एका रविवारी सगळी शटर खरंच लावून बघा, सगळी. वादळाचा इशारा लागला की इन्शुरन्सवाले नवीन पॉलिसी देणं आणि असलेली वाढवणं थांबवतात आणि दुकानांत स्क्रू मिळत नाहीत, तेव्हा जे राहिलंय ते याच रविवारी कळायला हवं. आमच्या पहिल्या तालमीत पॅनेल सगळे सापडले, पण ते घट्ट करायचे पंखवाले नट कुठेच नव्हते, आधीच्या मालकाने बहुतेक फेकून दिले असावेत. आता ते एका जुन्या श्रीखंडाच्या डब्यात गॅरेजच्या दाराशेजारी टांगलेत आणि डब्यावर मार्करने आकडा लिहिलाय, ९६. दरवर्षी मोजतो. गेल्या वर्षी ९५ भरले.